झुंबरबाईंच्या बोटांतला साप

लीलाधर सरांनी जेवणाचा डबा उघडला आणि शेवभाजीची तर्री टायपिस्ट झुंबरबाईंच्या पुठ्ठ्यावर ओघळली. जामनेरच्या कॉलेजात गणित शिकवणारा माणूस; पण डबा किती भरावा, एवढं एक गणित काही त्याला सुटलं नव्हतं.

पुठ्ठा साधा नव्हता. त्र्याण्णव साल होतं. जळगावच्या त्या टायपिंग क्लासातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरमध्ये गणिताच्या खुणा होत्या, पण कळफलकावर नव्हत्या. आल्टचं बटण दाबून धरायचं, तीन आकडे मारायचे, मग खूण उमटायची. ते सगळे आकडे बाईंनी शाईनं पुठ्ठ्यावर उतरवलेले. आता तिथे नुसता लाल तवंग. आणि सरांचा पीएच.डी.चा प्रबंध पाचच्या एसटीनं धुळ्याला, मार्गदर्शकांकडे न्यायचा होता. ते उद्या कायमचे नागपूरला निघणार. मग अकरा वर्षांच्या कष्टांवर सही कोण करणार? सोळा पानं अजून बाकी होती.

"बाई, मी मेलो!"

"मरा, पन पाच वाजानंतर," झुंबरबाई म्हणाल्या. "वाचा."

सोनगीरच्या झुंबरबाई मॅट्रिकला गणितातच आपटलेल्या. सरांनी वाचलं, "सिग्मा..." बाईंची बोटं जागीच.

"सिग्मा-बिग्मा माले माहीत नही. आपलं नाव सांगा."

बाईंनी प्रत्येक खुणेचं बारसं केलेलं होतं. सरांना तीन वर्षं ती नावं ऐकून शरम वाटे. आज मान खाली घालून ते पुटपुटले, "मोडेल खाट."

टक टक टक. पडद्यावर मोडलेल्या खाटेसारखा सिग्मा!

"निजेल आठ." आडवा झोपलेला आठ, म्हणजे अनंताचं चिन्ह, हजर. "साप." इंटिग्रलच्या खुणेचा हा साप दोन तुकड्यांत यायचा, डोकं एका आकड्यानं, शेपूट दुसऱ्यानं, बाईंनी न बघता जोडला. फ्रेंच गणितज्ञाच्या नावातलं, डोक्यावर तिरकी रेघ असलेलं अक्षर आलं, तेव्हा तर सर मोंढ्यात धान्याचा लिलाव पुकारावा तसे ओरडले, "तिरकं कुकू!" शेजारच्या खोलीतल्या पोरींची टायपिंग मशीनं एकदम थांबली.

चारला प्रिंटरनं शेवटचं पान ओकलं. 

"बाई, आभारात पहिलं नाव तुमचं घालतो."

झुंबरबाई कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"आभार राहू द्या सर, एकशेचारवं पान पुन्हा वाचा, सांगताना तिथं तुम्ही तीनदा अडखळले, ते तुमले बी समजेल नही शे."