कुरुंद्याची वाफ

जिच्याकडे सांगायला नोकरी नाही, तिने कॉलेजच्या ग्रुपवर काय लिहायचं? हळद शिजल्याचा वास आला की मला कुरुंदा गावातलं तिचं ते शेत आठवतं, आणि पिवळसर वाफेत तरंगल्यासारखी उभी असलेली, कॉलेजात आमच्यात सगळ्यात धारदार पत्रकं लिहिणारी मैत्रीण. "ग्रुप काहून सोडलास गं?" मी विचारलं. "रोज कुणाची तरी नोकरीची ऑर्डर, रोज अभिनंदन. मी काय या कढईचा फोटो टाकू?" "टाक की!" "तूच टाक बाई. नोकरीवालीला शेत शोभून दिसतंय." ती हसली, डोळे पुसताना गालाला हळद लागली. समतेची पत्रकं आम्ही दोघींनी वाटली होती, तरी तिचं ग्रुप सोडून जाणं मला चार महिन्यांनी कळलं होतं. तुमच्यातलं कुणी असं गप्प झालं असेल, तर आजच फोन करा, आणि नोकरीचं विचारू नका.