हात आणि नाव

मनगटाचं प्लास्टर काढायला ठाण्याच्या दवाखान्यात गेलेलो, तेव्हा एक गृहस्थ शेजारी बसले होते. पन्नाशीचे, दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्यांची बायको बशीने चहा पाजत होती.

"पडलात का?" मी विचारलं.

"नाही. बातमी छापली."

दिवा स्टेशनजवळ खाडीत भराव टाकून इमारती उठत होत्या. बिल्डरच्याच एका माणसाने त्यांना आतली माहिती दिली होती. बातमी आल्यावर काही जणांनी त्यांना गाठून त्याचं नाव विचारलं.

"अहो, एक हात मोडल्यावर तरी सांगायचं!" मी कळवळून म्हणालो.

"हात माझे होते," ते हळूच म्हणाले. "नाव माझं नव्हतं."

मला वाटलं, बायको आता चिडेल. तिने पदराने त्यांची हनुवटी पुसली. "मलाही सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "आणि मी विचारणारही नाही. उद्या मला अडवलं तर?"

परवा दिव्याला गेलेलो. त्या इमारती पुऱ्या झाल्यात, गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. खालीच बिल्डरचं ऑफिस आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथली माणसं हसत-बोलत बाहेर पडली. त्यांतला तो कोण, मला कळलं नाही. सगळेच धडधाकट होते.