दुपारचा मोकळा तास

"पहिलें सांगितलेंस. दुसरें काय, गे?"

अक्का आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत हा प्रश्न कुणालाही विचारायच्या, अगदी कॉफी हवी की ताक एवढीच गोष्ट असली तरी. कुंभकोणमच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि त्यांची कोडीही याच जातीची असत. चार मुली, नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या कोलूच्या चार बाहुल्या, प्रत्येकीची आवड क्रमानं दिलेली. बाहुल्या अशा वाटायच्या, की मागून कुणालाही अदलाबदल करावीशी वाटू नये. मुली पहिल्या आवडीवरून भांडत बसत. अक्का म्हणत, पहिली आवड सगळ्यांना ठाऊक असते, कोडं सुटतं ते दुसरीवर.

त्यासाठी त्यांच्याजवळ पल्लांकुळी खेळायचा खळग्यांचा लाकडी पट असे. खळगा म्हणजे बाहुली, चिंचोका म्हणजे मुलगी. चिंचोके सरकवताना कुणी मध्ये बोललं, की अक्का चिडत. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच.

शिक्षिकांच्या मोकळ्या तासांची वाटणीही याच पटावर व्हायची. प्रत्येकीला रोजचा एक मोकळा तास, आणि निवडीचा मान ज्येष्ठतेनं. मी नोकरीला लागले त्या वर्षी माझी आई स्वामीमलैच्या घरी अंथरुणाला खिळली होती. दिवसा शेजारीण बघायची, पण आई जेवायची ती फक्त माझ्या हातून. शेवटचा तास मोकळा मिळाला तरच मला वेळेची बस सापडणार होती, नाहीतर नोकरी सोडणं भाग होतं.

मी सर्वांत नवी, म्हणून उरलेला सकाळचा पहिला तास माझ्या वाट्याला आला. शेवटचा शिवणबाईंकडे गेला होता. त्यांना विनवलं, पण सकाळचा तास त्यांच्या काय कामाचा? त्यांना खरा हवा होता दुपारचा, घरी जाऊन तान्ह्या बाळाला पाजायला. तो अक्कांनी आधीच घेतला होता.

मी राजीनाम्याचं बोलले तेव्हा अक्कांनी पट पुढे ओढला. माझा सकाळचा त्यांना, त्यांचा दुपारचा शिवणबाईंना, शिवणबाईंचा शेवटचा मला. आपल्याला सकाळचाच हवा होता, देवळात जाऊन येता येतं, दुपारचा चुकून घेतला, असं म्हणत त्यांनी चिंचोके डब्यात भरलेसुद्धा.

पण सकाळी पाहावं तर अक्का देवळात नसत, शिक्षिकांच्या खोलीतच असत. आणि दुपारी फळ्यापाशी उभ्या असताना त्यांचे पाय सुजलेले दिसत. शिवणबाई एकदा सहज बोलून गेल्या, की इतकी वर्षं दुपारच्या त्या तासाला अक्का स्टुलावर पाय ठेवून पडत.

मी सरळ विचारलं, "अक्का, तुमचें पहिलें खरें काय होतें?"

"दुपारचेंच."

मग खोटं का सांगितलंत, म्हणून मी जवळजवळ भांडलेच.

"माझें दुसरें कोणी विचारलें काय? दुसरें तुझी बस होती. पहिल्यानें माझ्या एकटीचें भागत होतें, दुसऱ्यानें तिघींचें भागलें. जा आतां, बस सुटेल."

आई आणखी वर्षभर होती. रोज संध्याकाळी मी तिला भरवलं. ते वर्ष मला अक्कांनी दिलं, असंच मी मानते. आभार मानायला गेलं, की त्या ऐकून घेत नसत, नवं कोडं पुढे सरकवत.

अक्का निवृत्त झाल्या, पुढे वारल्याही. निवडीचा पहिला मान यथावकाश माझ्याकडे आला. मी आधी सगळ्यांना त्यांचं दुसरं काय ते विचारून घेई. आणि ज्या वर्षी कुणालाच अडचण नसे, त्या वर्षी दुपारचा तास मी घेई, अक्कांचं स्टूल ओढून त्यावर पाय ठेवी आणि घंटा होईपर्यंत उठत नसे.