‘बेसेदेर’वर विश्वास नसलेली मावशी

इस्रायलमधल्या ओफाकिम गावच्या आमच्या मावशीचा जगात कोणावरच विश्वास नव्हता. दुकानातलं सीलबंद दूधसुद्धा ती आधी मांजराला पाजायची आणि मग मांजराकडे बघत बसायची. नात्याने ती माझी कोणी नव्हती. ठाण्यातल्या ज्यू वस्तीत ती आईची शेजारीण होती, इस्रायलला आल्यावरही शेजारीणच झाली. आई म्हणायची, हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी दाराची कडी तपासेल.

सगळ्यांत जास्त संशय तिला ‘बेसेदेर’ या शब्दाचा. ठीक आहे, असं सांगायचा हा हिब्रू शब्द इथे वाढलेल्या आम्हा पोरांच्या तोंडी कायम. ती मराठीत विचारायची, आम्ही हिब्रूत उत्तर द्यायचो. “खोटं बोलायचं असलं की तुम्हाला हिब्रू बरी सुचते,” ती म्हणायची. आणि ते खरंच होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगलेली निघाली. ती कधीही फुटली असती आणि ऑपरेशनात उजवा हात जाण्याची भीती होती. तेल अविवच्या ज्या हॉस्पिटलात ती आली, तिथे माझं कामच ते होतं. भूल दिलेल्या पेशंटच्या मनगटाला बारीक झटके द्यायचे आणि ते मेंदूपर्यंत पोचतात का, हे डोक्याला लावलेल्या तारांवरून पडद्यावर बघायचं. तारांतून मनातलं कळतं का, हा मावशीचा पहिला प्रश्न. कळत नाही म्हटल्यावर तिने सही केली.

“पण आत तूच बस. आणि नंतर मला मराठीत सांग.”

सर्जनने रक्तवाहिनीला तात्पुरता चिमटा लावला आणि पडद्यावरची उजव्या हाताची लाट बसत गेली. मी सांगताच त्याने चिमटा काढला. लाट पुन्हा उठली, तरी मला खरं वाटेना. मी सगळ्या तारा परत तपासल्या. मग थांबत थांबत त्याने काम पुरं केलं.

शुद्धीवर येताच तिने हाताचं विचारलं. मी सवयीने म्हणालो, “हाकोल बेसेदेर.” सगळं ठीक आहे. तिने डोळे मिटले. हात चादरीतून काढेचना.

“मराठीत सांग.”

“मावशी, मध्येच हात गेल्यासारखा झाला होता. परत आला.”

तेव्हा कुठे तिने बोटं हलवली. बरी झाल्यावर आम्हा मराठी ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नवसाचा मलिदा, म्हणजे खोबरं घातलेले गोड पोहे, तिने स्वतः केला आणि खोबरं खवट नाही ना, हे बघायला आधी मलाच खाऊ घातला.

पुढे बरीच वर्षं दर शुक्रवारी मी तिला फोन करायचो. दूधवाला, डॉक्टर, सून, सगळ्यांवरचा तिचा संशय ऐकला की मला हायसं वाटायचं. एका शुक्रवारी मी विचारलं, कशी आहेस? ती सावकाश म्हणाली, “हाकोल बेसेदेर.”

मी फोन ठेवला आणि संध्याकाळी शब्बाथ लागून बसगाड्या बंद होण्याआधीची शेवटची बस धावत गाठली. मावशी पलंगावर पडून होती, फार वाळलेली. तिने उजव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं.

“बस. आता मराठीत सांगते.”