मेणावर बसवलेले मणी
जर्मनीतल्या एर्लांगेनच्या शनिवारच्या बाजारात मधमाश्यांच्या मेणाचा वास आला, की सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या तो उन्हाळा मला आठवतो. तेव्हा इथल्या संग्रहालयात मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले हुइचोल जमातीचे एक वयस्कर कारागीर आले होते. वाळक्या भोपळ्याच्या वाटीला आतून मेण लावून ते त्यावर मोहरीएवढे मणी एकेक करून दाबत होते, आणि हळूहळू निळं हरीण उमटत होतं. अशा वाटीतून माणसाचं मागणं देवांपर्यंत पोचतं, असं त्यांच्यासोबतच्या दुभाषी मुलीने सांगितलं. मग कारागिरांनी एक कोरी वाटी सासूबाईंपुढे धरली. एके काळी सासूबाईंनी मण्यांची कितीतरी तोरणं केली होती, पण आजारपणानंतर हात थरथरायला लागला आणि सुई सुटली. मी घाईने म्हणाले, "आई, राहू द्या, त्यांची वाटी बिघडेल." त्या मात्र बसल्याच. पहिले दोन मणी घरंगळले. कारागिरांनी वाटी स्वतःच्या तळव्यावर घेतली आणि सासूबाईंचा हात जिकडे थरथरेल तिकडे ती अलगद फिरवत राहिले. तासाभराने पाच पाकळ्यांचं लाल फूल पूर्ण झालं. कारागिरांचा प्रश्न दुभाषी मुलीने जर्मनमध्ये आणि मी मराठीत पोचवला, "काय मागितलंत?" सासूबाई हसल्या, "अगं, मागायचं राहूनच गेलं." मी इथे वैद्यकीय यंत्रांच्या अचूकपणाच्या चाचण्या करते, पण थरथरत्या हाताला इतकं अचूक सांभाळून घेणारा दुसरा हात मी अजून पाहिलेला नाही.