तांब्या कोणाचा

माझ्या नातीचा एक खेळ आहे. रविवारी दुपारी तिच्या ऑफिसातल्या तीन मैत्रिणी इथे छत्तीसगढात आमच्या शंकर नगरच्या घरी येतात आणि संध्याकाळपर्यंत जेवणाच्या टेबलाशी बसतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. नात गोष्ट सांगते, बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि एखादी गोष्ट जमली की फसली ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्टीत गुहा असते, गुहेत पेटी, पेटीत जादूच्या वस्तू. पण कोणती वस्तू काय करते हे नात सांगत नाही, ते ओळखावं लागतं. त्यासाठी मंत्र आहे, तो दिवसातून एकदाच चालतो. नाहीतर वस्तू अंगावर घालून किंवा चाखून पाहायची, आणि शापित निघाली तर भोगायचं.

हे मला कोणी समजावलं नाही. दोन वर्षं भजी तळता तळता ऐकून शिकले. मला कोणी बस म्हटलं नाही, आणि मला बसायचं आहे हे मीही कधी बोलले नाही. माझं शिक्षण चौथी.

मग माझी विहीण, सुनेची आई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरहून आली. तिची सगळी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली. पट्टी निघाल्यावरच्या पहिल्याच रविवारी नात तिला म्हणाली, "नानी, आप भी खेलो ना." इतक्या सहज. तिला जादूगारीण केलं आणि ओळखायचा मंत्रही तिलाच दिला. काळा चष्मा लावून ती खुर्चीत ताठ बसायची. गोष्टीत अंगठी सापडली की हात पुढे करून म्हणायची, "आणा इकडे, बघू." हातात द्यायला खरं तर काहीच नसायचं. तरी पोरी चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून तिच्या तळहातावर ठेवायच्या.

मी जळत होते. त्या दिवशी भज्यांचे दोन घाणे करपवले. मुलगा आणि सून नव्या राजधानीच्या कार्यालयात दिवसभर असायचे, तेव्हा तात्यापाऱ्याच्या आमच्या जुन्या घरात या पोरीला मी वाढवलं. नानी उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस दिसायची. आणि मला दोन वर्षांत विचारलं ते एवढंच, की आजी, चटणी आहे का.

तिसऱ्या रविवारी त्यांना गोष्टीतल्या विहिरीत एक कलश सापडला. विहिणीने त्या दिवशीचा मंत्र आधीच एका झाडूवर खर्च केला होता, आणि तो साधा झाडू निघाला होता. आता कोणीतरी कलशातलं पाणी पिऊन पाहायचं, एवढाच मार्ग उरला. विहीण म्हणाली, मी पिते, शिक्षकाने प्रयोग आधी स्वतःवर करावा. पोरींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत.

मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "पहिले त्याच्यावर नाव पाहा ना. भांडं आहे, नाव असनच."

पोरींना कळेना. त्यांची घरं हिंदी-छत्तीसगढी बोलणारी, तिथे ही रीत नाही. एकीने विचारलं, दादी, बर्तन पर नाम कौन लिखता है? मी सांगितलं, आम्ही लिहितो. आमच्यात नाव टाकल्याशिवाय भांडं कोणाला देत नाहीत. कोणी दिलं, कोणाला दिलं, कशासाठी दिलं, सगळं त्यावर कोरलेलं असते. माणसं मरून जातात, भांडं सांगत राहते. त्याला मंत्र कशाला पाहिजे?

नात फासा मुठीत धरून थांबली. हे तिला सुचलं नव्हतं. "हव आजी," ती म्हणाली, "नाम तो होगा." आणि वहीत काहीतरी लिहू लागली.

मला एवढा जोर चढला की पोरींना दाखवायला मी आत जाऊन फळीवरचा हाताला लागला तो पितळी तांब्या आणला आणि टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा केला. नाव सापडेना. एकीचं बोट गळ्याखालच्या गुळगुळीत पट्ट्यावर थांबलं. "यहाँ तो घिसा हुआ है."

तेव्हा मला कळलं मी कोणता तांब्या आणला ते. विहिणीलाही कळलं. मुलाच्या लग्नात आहेर म्हणून तिनेच दिला होता. त्यावर तिने नुसतं नाव टाकलं नव्हतं, नावापुढे बी.ए., बी.एड. टाकलं होतं. रोज सकाळी पाणी भरताना मला ते वाचावं लागायचं. सहा महिने वाचलं. मग भांडेवाल्याकडे नेऊन घासून काढलं आणि घरात, सुनेलाही, सांगितलं, घासताना चिंचेनं गेलं.

विहिणीने काळा चष्मा काढला. "विहीणबाई, नाव खरवडलेलं असलं तर काय समजायचं?"

चौघीही पोरी माझ्याकडे पाहत होत्या. चिंच म्हणता आलं असतं. पण नात पेन उचलून थांबली होती, मी सांगेन ते लिहायला. खोटं बोलले असते तर भांड्यांचं सांगितलेलं सगळंच खोटं झालं असतं.

"एक तर चोरीचा असते," मी म्हटलं. "नाही तर ज्याले दिला त्याले देनाऱ्याचं नाव पाहवत नाही."

"आणि हा?"

"हा चोरीचा नाही."

मग विहीण म्हणाली, "मला वाटलंच होतं. चिंचेनं बी.एड. जात नाही."

नातीने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गोष्ट पुढे नेली. कलशावरचंही नाव खरवडलेलं आहे, बोला, प्यायचं का? या वेळी पोरी नानीकडे वळल्या नाहीत. मी म्हटलं, पिऊ नका, ज्यानं खरवडलं त्याच्या मनात चांगलं नव्हतं. विहिणीने कलश खाली ठेवला, म्हणजे तसं म्हणाली.

"आजी, तू बैठ ना," नात म्हणाली. विहिणीने तिची खुर्ची सरकवून जागा केली. तांब्याबद्दल ती त्या दिवशीही पुढे बोलली नाही आणि नंतरही नाही. मीही माफी मागितली नाही.

मी बसले. फासा टाकला, तीन पडले. विहिणीने टाकला, वीस पडले, आणि पोरी ओरडल्या. माझ्या पोटात पुन्हा दुखलं. फरक एवढाच की आता मी खुर्चीवर बसून होते.