मुरगूडला ट्रान्झिस्टरचं माप द्यायला गेले तेव्हा

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, मिसळ खायला जातात. मी पहिल्यांदा गेले ती एका ट्रान्झिस्टरला अंगरखा शिवून आणायला.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. पुण्यात एका छोट्या कारखान्यात आम्ही चौघी बायका रेडिओची रेक्झिनची कव्हरं शिवायचो. त्या उन्हाळ्यात नागपूरकडच्या दुकानदारांची पत्रं यायला लागली, की कव्हर पाघळून रेडिओला चिकटतंय. एका गिऱ्हाइकानं तर रेडिओ कव्हरासकट परत पाठवला, दोघांना वेगळं करून द्या म्हणून. मालक वैतागले. रेक्झिन बंद, कातडं, काथ्या, लोकर असलं खरंखुरं सामान वापरून आठ दिवसांत नमुना आणा, नाहीतर कव्हरांचं काम मी बंद करतो, म्हणाले. चौघींत बिनलग्नाची मी एकटीच, म्हणून माझी रवानगी झाली. एसटीचं तिकीट मालकांचं, खाणंपिणं माझं.

सकाळची लाल गाडी पकडली आणि रेडिओ मांडीवर घेऊन बसले. कराडला गाडी थांबली तेव्हा भजी खाल्ली. ती खावीत, पण आधी कंडक्टरला सांगून उतरावं; माझी गाडी जवळजवळ सुटली होती. दुपार कलता कलता कोल्हापूर आलं. राजारामपुरीत आईच्या मावसबहिणीकडे उतरले.

दुसऱ्या दिवशी एका चपलावाल्याकडे गेले. माणूस मोठा कसबी. संध्याकाळपर्यंत त्यानं बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचं कव्हर शिवून हातात ठेवलं. दिसायला देखणं, पण बटणाला हात लावला की कर्रर्र वाजायचं. बातम्या लावल्या तर निवेदक नव्या चपला घालून येरझाऱ्या घालतोय असं वाटे. मी तक्रार केली, तर तो दुखावलाच. तो आवाज त्यानं मुद्दाम काढला होता. न वाजणारी वस्तू कोल्हापुरी म्हणून विकायची त्याला लाज वाटत होती. शेवटी त्यानंच सांगितलं, की बिनआवाजाचं कातडी काम पाहिजे तर मुरगूडला रहिमानचाचांकडे जा, ते घोड्याबैलांचे साज करतात.

कागलवरून मुरगूडला एसटी जाते. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मध्ये तंबाखू, आणि खिडकीजवळची जागा मिळाली तर प्रवास कळतही नाही. मला मिळाली नव्हती. मुरगूडला लॉज होतं की नाही सांगता येणार नाही, कारण मला ते शोधावंच लागलं नाही.

रहिमानचाचा सत्तरीचे, काटक, एका डोळ्यानं अधू. ओसरीवर खोगीर शिवत बसले होते. मी कुठली, कोणाची, लग्न का नाही, एवढं विचारून झाल्यावर त्यांनी रेडिओ हातात घेतला, तळव्यावर तोलला आणि परत जमिनीवर ठेवला. मी मापांचा कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिलाही नाही.

"जनावर बघितल्याबिगर साज करत न्हाय मी," ते म्हणाले. "तीन दिस ऱ्हावा."

हे जनावर नाही, असं मी म्हणाले. आवाज करतंय, खातंय, माणसाळतंय, मग दुसरं काय, असं त्यांचं म्हणणं. खातंय म्हणजे सेल. मग त्यांनी चौकशी सुरू केली. वय काय, ऊन सोसतं का, रात्री कुठं ठेवता. शेवटी विचारलं, "बुजतंय कशाला?"

मी हसणार होते, पण त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. विचार केला आणि खरं तेच सांगितलं, "स्कूटर जवळून गेली की खरखरतो."

"म्हंजे बुजतंयच की."

तीन दिवस मी त्या घरी राहिले. चाची पहाटे भाकऱ्या थापायच्या. वांग्याचं कालवण, खर्डा, वर घट्ट दही. पुण्याची पोरगी आहे म्हणून पहिल्या दिवशी खर्डा वेगळा, कमी तिखट केला होता. तोही मला सोसला नाही. चाचा मात्र रेडिओसमोर बसून होते. तो गाऊ लागला की कान देत, खरखरला की मान हलवत. कधी उन्हात ठेवत, कधी जांभळीच्या सावलीत. त्याला इकडून तिकडे फिरवून बघत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून दाखवलं, की उत्तरेला तोंड केलं तर आवाज मोकळा येतो आणि पूर्वेला केलं तर दबतो. "एका अंगानं बोलतंय," म्हणाले. रेडिओच्या पोटात मागच्या अंगाला एरियलची कांडी आडवी असते आणि तिच्यामुळेच असं होतं, हे मला कारखान्यात एका मेकॅनिकनं सांगितलं होतं. चाचांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

पट्टा अडकवायची पितळी कडी मागच्या बाजूला धरली की आवाज दबायचा, म्हणून ती त्यांनी तिथं लावली नाही. आत घोंगडीचा तुकडा, त्याखाली काथ्याची गादी, वर मऊ कातडं. मला जवळ बसवून आरी कशी धरायची, मेणलेला दोरा दोन्हीकडून कसा ओढायचा, ते शिकवलं. माझी बोटं चार ठिकाणी भोसकली. चाचींनी हळद लावली.

तिसऱ्या दिवशी वाद झाला. घोड्याला डोळ्यांच्या बाजूला झापडं लावतात, तसली कातडी झापडं त्यांनी डायलच्या दोन्ही अंगांना शिवली होती. ती बाजूच्या चकतीवर दाबून बसत, म्हणून काटा एका स्टेशनवर ठेवला की तो इकडेतिकडे सरकेना. लोकांना स्टेशन बदलायचं असतं, मी सांगितलं.

"मग ते कुठंबी तोंड घालणार," चाचा म्हणाले. "तुम्ही लई मोकळं सोडलंय त्येला."

झापडं काढायला ते तयार होईनात, आणि नमुना घेतल्याशिवाय मी परत जाऊ शकत नव्हते. शेवटी चाची आतून म्हणाल्या, की पोरीचंबी ऐका, झापडं गुंडीवर लावा. मग झापडं लाकडी गुंडीवर अडकवली. हवी तर लावा, नको तर काढा. चाचांनी गुंड्या शिवल्या, पण झापडं लावूनच ठेवली.

निघताना त्यांनी मला टांग्यातून स्टँडवर सोडलं. नव्या साजाची सवय लागावी म्हणून रेडिओ घोड्याच्या कुशीला टांगला, चालू करून. तळ्याजवळ समोरून ट्रक आला, घोडा उधळला आणि रेडिओ सडकेवर आपटून दोनदा उसळला. नोकरी गेली, बाकीच्या तिघींचीही गेली, असं वाटलं. घोडा आवरून चाचा सावकाश उतरले. सडकेवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता. कोणीतरी युरिया कधी टाकावा ते सांगत होतं. चाचांनी धूळ झटकली, रेडिओ माझ्या हातात दिला, आणि घोड्याला शिव्या घातल्या.

पुण्यात मालक कव्हराकडे बघतच राहिले. हे घोड्याचं आहे, म्हणाले. मी रेडिओ उचलला आणि त्यांच्या टेबलावरून खाली फरशीवर टाकला. तो वाजत राहिला. मालकांनी वीस कव्हरांचं काम काढलं.

मी मुरगूडला पत्र लिहिलं. चाचांनी उत्तराचं पोस्टकार्ड कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं: वीसही जनावरं घेऊन यावं, प्रत्येकाला तीन दिवस, चाची खर्डा कमी तिखट करील. मालकांनी साठ दिवसांची रजा द्यायला साफ नकार दिला. तेव्हा ती कव्हरं आम्ही चौघींनीच शिवली. बाकीच्या तिघींना आरी धरायला मी शिकवलं. प्लॅस्टिकचे टू-इन-वन रेडिओ-टेप येईपर्यंत काही वर्षं तरी ते काम टिकलं.

पण कातडं कापायच्या आधी प्रत्येक रेडिओ मी अर्धा दिवस ऐकला. मालक दारातून बघून जात. वीसही रेडिओच्या एकाच कारखान्यातले, एकाच दिवशी आलेले, तरी एक ट्यूबलाइटला बुजायचा, एक तापल्याशिवाय बोलायचाच नाही. दोन मला बरे वाटेनात. काय झालंय ते सांगता येईना, म्हणून मी चिठ्ठीवर फक्त 'आजारी' लिहिलं आणि ते रेडिओच्या कारखान्याकडे परत पाठवले. महिन्याभरानं त्या कारखान्याचं टाइप केलेलं पत्र आलं. दोघांच्याही आत एकेक तार सुटलेली होती, आणि हा दोष तुम्हाला कोणत्या यंत्रावर सापडला ते कळवावं, अशी विनंती होती.